वर्गाचा ग्रुप, यूट्यूब आणि फॉर्म: शिक्षकाने कोणते साधन कशासाठी वापरावे?

शिक्षणासाठी समाजमाध्यमे वापरायची असे ठरले की शिक्षकांच्या बैठकीत पहिला प्रश्न 'कोणते अ‍ॅप चांगले' हाच येतो. त्याचे उत्तर दर दोन-तीन वर्षांनी बदलत असल्यामुळे त्यात वेळ घालवण्यापेक्षा कोणत्याही साधनाला तीन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. येथे टाकलेले कोणाकोणाला दिसते, विद्यार्थ्याला पुढे काय दिसावे हे कोण ठरवते, आणि विद्यार्थ्याने केलेले काम शिक्षकाकडे परत येते का, आणि आले तर कोणत्या स्वरूपात? यातील तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, पण शिकण्याशी थेट संबंध त्याचाच आहे. मजकूर पोहोचवण्याची सोय आता कोणत्याही फोनमध्ये असते; आठवीतल्या मुलाला काय समजले नाही हे दुसऱ्या दिवशीच्या तासापूर्वी शिक्षकाला कळवणारी सोय मात्र मुद्दाम उभी करावी लागते.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. दूरदर्शनवरून शाळकरी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी 'बालचित्रवाणी' ही संस्था 1984 मध्ये याच शहरात सुरू झाली. तिचे कार्यक्रम पाहून वाढलेले कितीतरी पालक आज माझ्या वर्गातील मुलांना शाळेत सोडायला येतात. ते माध्यम उत्तम होते, पण एकमार्गी होते, कारण कार्यक्रम संपल्यावर पडद्यासमोरच्या मुलाला काय उमगले हे तयार करणाऱ्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. नंतर पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग आपल्या वर्गात केला आणि पुढे 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. 2017 मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या केंद्रीय व्यासपीठानेही छापील पुस्तकातील कोडवरून धड्याच्या साहित्याकडे जाण्याची सोय केली. बालभारतीची पुस्तके तर पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. थोडक्यात, साहित्याचा तुटवडा ही आजची अडचण राहिलेली नाही.

आज बहुतेक मराठी शाळांमध्ये जे साधन खरोखर वापरले जाते, ते व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. त्याच एका ग्रुपवर उद्याच्या सुट्टीची सूचना, गृहपाठ, वहीचे फोटो, पालकांच्या शंका, संकष्टीच्या शुभेच्छा आणि कोणाच्या तरी हरवलेल्या डब्याचा शोध एकाखाली एक येत राहतो. मजकूर काळाच्या क्रमाने खाली सरकत जाणे हे या साधनाचे मूळ स्वरूप आहे. सूचनेसाठी हे चालते, कारण सूचनेचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असते. परंतु महिनाभराने उजळणीसाठी लागणारे स्पष्टीकरण तेथे ठेवणे म्हणजे ते गमावणेच होय. म्हणून वर्गाच्या ग्रुपकडे सूचनाफलक म्हणून पाहावे, फक्त अ‍ॅडमिनलाच संदेश पाठवता येईल अशी त्याची सेटिंग ठेवावी आणि जे टिकायला हवे ते दुसरीकडे ठेवून ग्रुपवर त्याची केवळ लिंक द्यावी.

ग्रुपची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याला इतर सर्वांचे मोबाइल क्रमांक दिसतात. चाळीस मुलांच्या वर्गात याचा अर्थ असा की, एखाद्या मुलीच्या आईचा क्रमांक तिने कधीही न पाहिलेल्या कित्येक लोकांकडे आपोआप जातो. संदेश दोन्ही टोकांना कूटबद्ध असतात ही गोष्ट खरी, आणि ती 2016 पासून सर्व वापरकर्त्यांना लागू आहे. पण ती सुरक्षा मधल्या कोणी संदेश वाचू नये यासाठी असते, ग्रुपमधील सदस्याने पडद्याचे छायाचित्र काढून पुढे पाठवू नये यासाठी नसते. याच अ‍ॅपमधील 'कम्युनिटी' या प्रकारच्या घोषणा-गटात सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत, त्यामुळे संपूर्ण इयत्तेच्या सूचनांसाठी तो बरा. 'चॅनेल' मात्र सर्वांसाठी खुले असते आणि त्यातील मजकूर कूटबद्ध नसतो. शाळेच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची जाहिरात करण्यास ते ठीक आहे, वर्गातील कामकाजासाठी नाही.

शिवाय फोन कोणाचा आहे हा प्रश्न उरतोच. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या अटींनुसार वापरकर्त्याचे वय किमान 13 असावे लागते. पाचवी-सहावीतील मूल ग्रुपवर असते ते प्रत्यक्षात पालकांच्या क्रमांकावरून. हडपसर, येरवडा किंवा वारज्यातील अनेक घरांत तो एकच फोन सकाळी वडिलांबरोबर रिक्षावर किंवा सुरक्षारक्षकाच्या ड्युटीवर जातो आणि रात्री आठ-नऊनंतर घरी येतो. अशा मुलांसाठी ठरावीक वेळेला सर्वांनी एकत्र हजर राहायचे असे कोणतेही साधन, मग ते कितीही आकर्षक असो, निरुपयोगी ठरते. जे रात्री दहा वाजता उघडून पंधरा मिनिटांत पुरे करता येते आणि तीन भावंडांना आळीपाळीने वापरता येते, तेच निवडावे.

आता यूट्यूब आणि इतर व्हिडिओ-माध्यमांकडे वळू. येथे कळीचा प्रश्न दुसरा आहे: पुढे काय दिसावे हे कोण ठरवते? शिक्षकाने धड्याचा व्हिडिओ पाठवला तरी तो संपताच पडद्यावर येणारी पुढची शिफारस शिक्षकाने निवडलेली नसते. ती निवडणारी प्रणाली वापरकर्त्याने आजवर काय पाहिले, कशावर थांबला, काय अर्ध्यात सोडले यावरून तो कशावर क्लिक करील आणि किती वेळ टिकेल याचा अंदाज बांधते. या प्रणालीचे उद्दिष्ट वेळ आहे, आकलन नाही; तिच्यात दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही, पण तिला शिक्षकाची सहकारी समजण्याचेही कारण नाही. 'असर 2024' या ग्रामीण भारताच्या सर्वेक्षणात 14 ते 16 वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोनचा अभ्यासाशी संबंधित वापर केल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापर केल्याचे सांगणारी मुले 76 टक्के होती. शहरातील चित्र याहून वेगळे असेल असे मानण्यास मला तरी कारण दिसत नाही.

व्यवहारात काही गोष्टी सहज करता येतात. स्वतःचा व्हिडिओ टाकताना तो 'अनलिस्टेड' ठेवला तर शोधात येत नाही, मात्र लिंक असलेल्या कोणालाही दिसतो. 'प्रायव्हेट' ठेवला तर निमंत्रित खात्यांनाच दिसतो, आणि ही व्यवस्था चाळीस पालकांसाठी फार किचकट होते. लहान मुलांसाठी असल्याची नोंद केलेल्या व्हिडिओखाली प्रतिक्रिया बंद होतात आणि व्यक्तिगत आवडीनुसार जाहिराती दाखवल्या जात नाहीत. व्हिडिओच्या वर्णनात 0:00 पासून सुरुवात करून किमान तीन ठिकाणांची वेळ (मिनिट:सेकंद) आणि तिच्यापुढे मथळा लिहिला की आपोआप विभाग पडतात, त्यामुळे मुलाला थेट 'उदाहरण 3' गाठता येते. तोच व्हिडिओ गुगल फॉर्ममध्ये, म्हणजे ऑनलाइन प्रश्नावलीत, बसवून लगेच खाली प्रश्न दिला तर मूल शिफारशींच्या रांगेत शिरण्याआधी उत्तराकडे येते, आणि माझ्या मते ही सर्वांत उपयोगी युक्ती आहे.

पण प्रश्न विचारण्याने एवढा काय फरक पडतो? याचे एक चांगले उत्तर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सापडते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिल्यावर मुलाला 'आले मला' असे वाटते ते पहिल्या प्रकारचे यश असते. वाटणे आणि येणे यांतील हे अंतर व्हिडिओ दाखवू शकत नाही, साधी पाच प्रश्नांची चाचणी दाखवते.

म्हणून या सगळ्या साधनांत मी सर्वाधिक महत्त्व देतो ते गुगल फॉर्मसारख्या अगदी नीरस दिसणाऱ्या साधनाला. त्यात चाचणी म्हणून सेटिंग केले की प्रत्येक प्रश्नाला गुण, अचूक उत्तर आणि चुकलेल्याला दाखवायची सूचना जोडता येते, सर्व उत्तरे एका पत्रकात जमा होतात आणि प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला याचा आलेख मिळतो. या आलेखाचा खरा उपयोग मात्र पर्याय कसे लिहिले आहेत यावर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, 'सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती आणि कोणत्या दिशेने?' या प्रश्नाला 'शून्य' हा पर्याय ठेवला, तर तो निवडणारी मुले वेग आणि त्वरण यांची गल्लत करत आहेत हे समजते, कारण त्या क्षणी शून्य असतो तो वेग. 'वरच्या दिशेने' हा पर्याय निवडणाऱ्यांना हाताने दिलेला जोर अजून चेंडूत शिल्लक आहे असे वाटत असते. अचूक उत्तर, म्हणजे सुमारे 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग आणि खालच्या दिशेने, किती जणांना आले यापेक्षा दोन चुकीच्या पर्यायांत मुले कशी वाटली गेली हे दुसऱ्या दिवशीचा तास ठरवते. 'शून्य' म्हणणारा गट मोठा निघाला तर मुलांकडून वेगाचे आलेख काढून घ्यायचे, 'वरच्या दिशेने' म्हणणारा मोठा निघाला तर बलाच्या व्याख्येपासून सुरुवात करायची. पर्याय भरताना संख्या पुरी व्हावी म्हणून काहीतरी टाकले, तर हा सारा उपयोग संपतो.

येथे मराठी शिक्षकाला भेडसावणाऱ्या एका अडचणीबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण साधनांची ओळख करून देणारी बहुतेक प्रशिक्षणे ती विचारातच घेत नाहीत. आपल्याकडील जुन्या प्रश्नपत्रिका बहुधा अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा शाळेच्या कार्यालयात श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने साठवलेली अक्षरे रोमनच असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. त्यामुळे तो मजकूर फॉर्ममध्ये चिकटवला की निरर्थक चिन्हांची रांग उमटते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क' चा 2325, आणि तो सर्व फोनांवर आणि संगणकांवर तोच राहतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तके मिळतात, परंतु जोडाक्षरे आणि रफार यांत ती हमखास घसरतात, त्यामुळे नंतर एकदा डोळ्याखालून घालणे भाग असते.

युनिकोड वापरूनही एक सापळा उरतो. लेखी छोटे उत्तर फॉर्मकडून आपोआप तपासून घेताना तो अक्षरशः जुळणी करतो. मुलाने '25' लिहिले आणि आपण उत्तर '२५' दिले असेल, तर ते चूक ठरते. ह्रस्व-दीर्घाचा फरक पडला तरी चूक ठरते, आणि व्याकरणाची चाचणी नसेल तर हा अन्याय आहे. याहून विचित्र प्रकार म्हणजे 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा ऱ संगणकावर दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना भिन्न समजतो, आणि मूल पुन्हा पुन्हा उत्तर पाहून आपले काय चुकले हे शोधत बसते. यावर उपाय म्हणजे आपोआप तपासायचे प्रश्न बहुपर्यायी ठेवणे, छोट्या उत्तरांसाठी अचूक उत्तरांच्या यादीत सर्व संभाव्य लेखनरूपे भरणे, आणि दीर्घ उत्तरे वहीतच लिहवून घेणे. शेवटचे मला मागासलेपणाचे वाटत नाही. आकृती, समीकरण आणि मराठी परिच्छेद यांसाठी वहीइतके वेगवान साधन आठवीच्या मुलाकडे अजून नाही.

फॉर्मच्या दोन सेटिंगबाबत सावध राहावे. 'एकदाच उत्तर' हे बंधन घातले की विद्यार्थ्याला गुगल खात्यातून प्रवेश करावा लागतो, आणि एकाच फोनवरील धाकट्या भावाचा मार्ग बंद होतो. फाइल जोडण्याची सोय दिली तरी तीच अट येते. त्यामुळे नाव आणि हजेरी क्रमांक विचारून खुला फॉर्म ठेवणे सोयीचे. कोणी दोनदा भरला तर पत्रकात ते दिसतेच.

विद्यार्थ्यांकडे फोनच नसेल किंवा शाळेत आणण्यास बंदी असेल, तरी बरेच काही करता येते. 'प्लिकर्स' या साधनात प्रत्येक मुलाला छापील चौकोनी आकृतीचे कार्ड दिले जाते. मूल कार्डाची जी बाजू वर धरते त्यावरून त्याचा पर्याय ठरतो आणि शिक्षक एकट्याच्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवून सर्वांची उत्तरे टिपतो. कार्डे साध्या प्रिंटरवर निघतात. शेजारच्या मुलाला उत्तर ओळखता येत नाही, त्यामुळे हुशार मुलाकडे पाहून हात वर करण्याची सवय येथे चालत नाही. कहूटसारखे ऑनलाइन प्रश्नमंजुषेचे खेळ वेगाला गुण देतात. तासाला रंगत येते, पण सावकाश विचार करणारी मुले त्यात मागे पडतात, म्हणून ते मी उजळणीपुरतेच ठेवतो.

प्रात्यक्षिकांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाने 2002 पासून विकसित केलेली 'फेट' ही आभासी प्रयोगांची मालिका मोफत आहे आणि तिच्यातील अनेक प्रयोग मराठीतही उघडतात. प्रोजेक्टरवर विद्युत परिपथ दाखवताना बटण दाबण्यापूर्वी 'दुसरा बल्ब काढला तर पहिल्याचे काय होईल' याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला लावावा. तसे केले नाही तर तो केवळ पाहण्याचा कार्यक्रम होतो. भूमितीच्या आकृत्या पडद्यावर काढण्याच्या जिओजेब्रा या साधनाबद्दलही हेच म्हणता येईल. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून बनवायच्या खेळण्यांचे व्हिडिओ आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके आहेत. व्हिडिओ संपल्यावर मुलाच्या हातात काडेपेटी आणि सायकलची ट्यूब असावी लागते, हे त्यांचे वैशिष्ट्य.

कायद्याचा भाग थोडक्यात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक असून तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. शैक्षणिक कामापुरती शाळांना काही सवलत ठेवली आहे. बक्षीस समारंभाचे फोटो नावांसह सार्वजनिक पानावर टाकणे हे त्या सवलतीत बसते असे मी मानून चालणार नाही. प्रवेशाच्या वेळी लेखी संमती घ्यावी आणि फोटोत नाव व इयत्ता एकत्र देऊ नये. कॉपीराइटबाबत, 1957 च्या कायद्यातील कलम 52 शिकवण्याच्या ओघात साहित्याच्या प्रती काढण्यास मुभा देते आणि 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचा बराच उदार अर्थ लावला. तरीही ती मुभा अध्यापनाला आहे. गाईडची पाने स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या चॅनेलवर टाकणाऱ्याला तिचा आधार आपोआप मिळत नाही.

शेवटी, ही साधने बंद पडतात. टिकटॉकवर भारतात जून 2020 मध्ये बंदी आली आणि त्यावरील शिक्षकांचे छोटे व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले. शाळांसाठीच बनवलेले एडमोडो सप्टेंबर 2022 मध्ये बंद झाले, गुगलचा जॅमबोर्ड हा सामायिक फळा 2024 च्या अखेरीस. मूळ व्हिडिओ आपल्या हार्ड डिस्कवर ठेवणे आणि वर्षातून एकदा खात्यातील सर्व माहिती उतरवून घेणे ही त्यावरची साधी काळजी आहे. व्हिडिओपेक्षाही जपण्यासारखा असतो तो प्रश्नसंग्रह. एका युनिकोड पत्रकात प्रश्न, चार पर्याय, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागची समजुतीची चूक आणि किती मुलांनी ती केली असे रकाने केले, तर ते पत्रक उद्या कोणत्याही नव्या साधनात भरता येते. महाराष्ट्रात 2025-26 पासून पहिलीच्या नव्या पुस्तकाने अभ्यासक्रमाचा बदल सुरू झाला असून तो टप्प्याटप्प्याने वरच्या इयत्तांत येणार आहे. तेव्हा धड्यांचे क्रमांक बदलतील. म्हणून पत्रकाच्या पहिल्या रकान्यात धड्याचा क्रमांक लिहू नये, संकल्पनेचे नाव लिहावे.